कॅप्सूल, जाईचा पाला आणि आठवा दिवस

माझ्या समोरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे आहेत. घरातल्या एकाही फोटोत मी दात दाखवून हसलेली नाही. लग्न जमवण्याच्या दिवसांत पाहुणे आले की आई माजघराच्या दारातून खूण करायची, 'फार बोलू नकोस.' गावात कुणी म्हणे विहिरीच्या पाण्याचा दोष, कुणी म्हणे लहानपणी माती खाल्ली असेल. औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका जाड पुस्तकात माझ्या दातांचा फोटो सापडला. माझे म्हणजे अगदी माझ्यासारखे, तेच पट्टे, तोच रंग. खाली एकच शब्द होता : टेट्रासायक्लिन.

त्या रविवारी मी घरी आले आणि आईला विचारलं, मला लहानपणी कुठल्या गोळ्या दिल्या होत्या? तिला आठवायला वेळ लागला नाही. 'तुझं सारखं तोंड यायचं ना, म्हणून कंपाउंडर ती पिवळ्या पुडीची कॅप्सूल द्यायचा.'

माझं गाव धरणगाव. साहित्याच्या वाचकाला ते बालकवींचं जन्मगाव म्हणून ठाऊक असतं. आम्हाला ते कापसाचं, जीनच्या भोंग्याचं आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं गाव म्हणून ठाऊक होतं. मी चार-पाच वर्षांची असताना, म्हणजे १९६५च्या सुमारास, गावातल्या एका दवाखान्यात डॉक्टर असत दुपारपर्यंत आणि कंपाउंडर असे दिवसभर. कॅप्सूल उघडायची, आतली पिवळी कडू पूड पाण्यात कालवायची, तोंडात धरायची आणि थुंकायची, असा त्याचा उपाय. मोठ्या माणसाला ते जमतं. चार वर्षांची पोर पाणी गिळते. मग ती पूड मधात कालवून चाटवायला सुरुवात झाली. दर महिन्या-दोन महिन्यांनी तोंड आलं की पुन्हा मध, पुन्हा पूड.

टेट्रासायक्लिन कॅल्शियमला घट्ट बिलगतं. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात ते पोटात गेलं, तर घडणाऱ्या दातात कॅल्शियमबरोबर तेही जाऊन बसतं. दात उगवतो तेव्हा पिवळसर असतो, उजेडानं हळूहळू तपकिरी होतो. प्रत्येक वेळच्या औषधाचा एकेक पट्टा. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजतात तसे माझ्या दातांवरून माझ्या बालपणीचे तोंड आल्याचे प्रसंग मोजता येतील. हा परिणाम पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला होता. आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध टाळावं, हा नियम त्यातूनच पुढे रूढ झाला. नोंद धरणगावापर्यंत यायला वेळ लागला, इतकंच.

दातांचं दुःख आता उरलेलं नाही. पण एक प्रश्न नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्या डोक्यात राहिला. तोंड येण्याला जंतूंवरचं औषध मुळात का द्यायचं? त्यामागे काही विचार होता की नुसता अंधारात फेकलेला दगड?

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते ठरवू. मराठीत 'तोंड येणं' या दोन शब्दांत पाच-सहा आजार कोंबलेले आहेत. लहान बाळाच्या जिभेवर दह्यासारखे पांढरे थर येतात, ती बुरशी. ओठाच्या कडेला पाण्यानं भरलेले बारीक फोड येऊन खपली धरतात, तो बहुधा विषाणू. आणि गालाच्या आत, ओठाच्या आतल्या बाजूला किंवा जिभेच्या कडेला वाटोळा, मधे पिवळट-पांढरा आणि भोवती लाल कडं असलेला, मिठाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी आणणारा जो व्रण येतो, सात ते चौदा दिवसांत खूण न ठेवता जातो आणि काही आठवड्यांनी पुन्हा येतो, तो आपला विषय. डॉक्टर त्याला अॅफ्थस व्रण म्हणतात. आयुर्वेदात मुखपाक हा शब्द आहे आणि सुश्रुतानं सगळ्या तोंडभर पसरणाऱ्या रोगांचा 'सर्वसर' म्हणून वेगळा गट केला आहे. आमच्या आजीचं निदान अहिराणीत आणि एका वाक्यात असे, 'पोटमा गरमी वाढनी.'

आजी परसातल्या जाईची कोवळी पानं चावायला लावायची. काकू टाकणखाराची लाही मधात कालवून बोटानं लावायची. शेजारचे वैद्यबुवा गुलकंद द्यायचे. आणि कंपाउंडरची कॅप्सूल होतीच. चौघांचाही आपापल्या उपायावर पूर्ण विश्वास, आणि चौघंही खरंच बोलत होते. कारण व्रण आला की पहिले दोन दिवस माणूस दुर्लक्ष करतो. तिसऱ्या दिवशी भाकरी खाववत नाही. चौथ्या दिवशी उपाय सुरू होतो. आठव्या दिवशी व्रण जातो. तो तसाही आठव्या दिवशी जाणारच होता. चौथ्या दिवशी हातात जे असेल त्याला श्रेय.

या आठव्या दिवसानं वैद्यकाला जितकं फसवलं तितकं क्वचितच कशानं फसवलं असेल. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारावर कुठलंही औषध रामबाण ठरतं. म्हणून अशा आजारात एका गटाला औषध, दुसऱ्या गटाला हुबेहूब दिसणारी खोटी गोळी, आणि कुणाला काय दिलं हे देणाऱ्यालाही माहीत नाही, अशी चाचणी केल्याशिवाय बोलायचं नसतं. मी वर्गात हे शिकवताना जाईच्या पानाचंच उदाहरण द्यायचे. मुलं हसायची. खानदेशात शेवभाजी आणि ठेच्यावर वाढलेल्या कुणाला हा आठवा दिवस ठाऊक नसतो?

आता जंतूंकडे येऊ. अमेरिकेत बेथेस्डा इथे राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेत साठच्या दशकात बराइल आणि ग्रेकोव्स्की हे संशोधक याच व्रणांमागे लागले होते. १९६३मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं प्रसिद्ध केलं की व्रणांमधून त्यांना एका स्ट्रेप्टोकॉकसचं वेगळंच रूप सापडलं. जंतूंना बाहेरून एक भिंत असते. या रूपाला ती नव्हती. अशा भिंतहीन जंतूंना 'एल रूप' म्हणतात. गोष्ट तर्काला पटणारी होती. पेनिसिलीन जंतूच्या भिंतीवर घाव घालतं. ज्याला भिंतच नाही त्याच्यावर ते काय करणार? टेट्रासायक्लिन मात्र जंतूच्या आत शिरून त्याचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. म्हणजे टेट्रासायक्लिन चालायला हवं. आमच्या कंपाउंडरनं हा निबंध वाचला असेल असं मला मुळीच वाटत नाही. त्याच्याकडे कपाटात जे होतं ते त्यानं दिलं. पण योगायोगानं त्याच काळात तोच विचार जगाच्या दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळेत चालू होता, हे वाचलं तेव्हा माझा त्याच्यावरचा राग बराच निवळला.

पुढे १९७८मध्ये ग्रेकोव्स्की आणि किंगमन यांनी टेट्रासायक्लिनच्या गुळण्यांची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली, खोट्या गुळण्यांशी तुलना करून. टेट्रासायक्लिनच्या गुळण्या सरस ठरल्या. वेदना कमी झाल्या, व्रण लवकर भरले. ऐंशीच्या दशकात स्वीडनमध्येही याच कुळातल्या औषधाच्या गुळण्यांची अशी तपासणी झाली. ब्रिटनमध्ये अॅडी आणि त्यांचे सहकारी क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्यांवर काम करत होते. त्यांनाही थोडा लाभ दिसला. म्हणजे आमच्या कंपाउंडरचा दगड अगदीच अंधारात नव्हता. मोठ्या माणसानं गुळणी करून थुंकली तर उपयोग होता.

पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. पहिली, गुळण्यांनी चालू व्रण लवकर बरा होई, पुढच्या महिन्यात नवा यायचा तो येई. दुसरी अधिक गंभीर. ज्या स्ट्रेप्टोकॉकसला आरोपी ठरवलं होतं तो निरोगी माणसाच्या तोंडातही सुखानं राहतो. वाड्यात चोरी झाली म्हणून वाड्यातच राहणाऱ्या माणसाला पकडायचं, तर तो चोरीच्या रात्री काही वेगळं करत होता हे दाखवावं लागतं. ते दाखवता आलं नाही. नंतर नागीण कुळातल्या विषाणूंवर संशय घेतला गेला, जठरातल्या हेलिकोबॅक्टरवर घेतला गेला. आरोप टिकला नाही. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये टॉमस लेनर साठच्या दशकापासून वेगळंच सांगत होते. त्यांच्या मते शरीराची संरक्षणव्यवस्थाच तोंडाच्या अस्तरावर उलटते. आज बहुतेकांचं मत त्याच दिशेचं आहे. पांढऱ्या पेशी अस्तरात शिरतात, दाहाची रसायनं सोडतात, अस्तर फाटतं. दात लागणं, झोप न होणं, परीक्षा, पाळीच्या आधीचे दिवस या निमित्तांनी ठिणगी पडते. घराण्यात असलं तर अधिक. माझ्या वडिलांना होतं, मला आहे.

मग जंतू नसेल तर जंतुनाशक लागू का पडतं? या प्रश्नाचं उत्तर तोंडाच्या व्रणांवर काम करणाऱ्यांकडून न येता हिरड्यांवर काम करणाऱ्याकडून आलं. न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रुक इथे लॉर्न गोलब यांनी १९८३मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेह झालेल्या उंदरांच्या हिरड्यांत ऊतींचा सांगाडा, म्हणजे कोलॅजेन, तोडणारं एक विकर वाढतं. टेट्रासायक्लिनच्या कुळातलं मिनोसायक्लिन दिलं की ते कमी होतं. यात नवल काय? नवल हे की त्या उंदरांत असेही होते जे जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेले होते. त्यांच्या तोंडात एकही जंतू नव्हता. मारायला कुणी नसतानाही औषध काम करत होतं.

मला विचाराल तर या सगळ्या कथेतली ही सर्वांत सुंदर जागा. त्यातून पुढे डॉक्सिसायक्लिनच्या अगदी लहान मात्रेची गोळी निघाली. एरवी संसर्गाला १०० मिलिग्रॅम देतात; ही २० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा. इतक्या मात्रेत जंतू मरत नाहीत, पण ते विकर मात्र थंडावतं. हिरड्यांच्या आजारासाठी अमेरिकेत तिला १९९८मध्ये परवानगी मिळाली. आणि २००७मध्ये ब्रिटनमधल्या प्रेशॉ आणि सहकाऱ्यांनी वारंवार तोंड येणाऱ्यांत हीच लहान मात्रा वापरून एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचे नव्या व्रणाशिवायचे दिवस अधिक निघाले. चाचणी लहान होती, लाभही माफक, त्यावर इमले बांधू नयेत. पण जंतूंना न मारणाऱ्या मात्रेतही जंतूंवरचं औषध व्रणावर काम करत असेल, तर 'औषध लागू पडलं, म्हणजे जंतूच होता' हा आपला सगळ्यांचा लाडका तर्क कोसळतो. कंपाउंडरचा तर्क तोच होता. बेथेस्डाच्या संशोधकांचाही काही काळ तोच होता.

असाच दुसरा प्रवास डॅप्सोनचा. हे रसायन जर्मनीत फ्रॉम आणि विटमन यांनी १९०८मध्ये बनवलं आणि तीस वर्षं कुणी त्याच्याकडे औषध म्हणून पाहिलं नाही. १९४१मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथे गाय फॅजे यांनी त्याचंच एक भावंड कुष्ठरोग्यांना दिलं आणि शतकानुशतकं निरुपाय मानलेल्या रोगाला पहिल्यांदा उतार पडला. पुढे मूळ डॅप्सोनच स्वस्त आणि तोंडानं घेण्याजोगं ठरलं. महाराष्ट्राचा या गोळीशी जवळचा संबंध आहे. वर्ध्याला १९५१मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं आणि डॉ. वारदेकरांच्या नेतृत्वाखाली गावोगाव जाऊन रुग्ण शोधायचे, लोकांना समजावायचं आणि घरीच गोळ्या द्यायच्या ही पद्धत तिथे घडली. वस्तीबाहेर काढण्याऐवजी माणूस घरात राहून बरा होऊ शकतो, हे त्या पांढऱ्या गोळीमुळे दाखवता आलं.

तीच गोळी आज त्वचारोगतज्ज्ञ फार मोठे, फार वारंवार येणारे तोंडाचे व्रण असलेल्या थोड्या रुग्णांना देतात. तुर्की त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७मध्ये वर्णन केलेल्या आजारात तोंडात, गुप्तांगावर आणि डोळ्यांत दाह होतो. त्या आजारात बगदादच्या शार्की आणि सहकाऱ्यांनी डॅप्सोनची खोट्या गोळीशी तुलना करून २००२मध्ये चाचणी प्रसिद्ध केली आणि व्रण कमी झाल्याचं नोंदवलं. इथेही कुठला जंतू मरत नाही. दाहाच्या जागी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना डॅप्सोन लगाम घालतं. मात्र ही गोळी कुणी शेजाऱ्याकडून मागून घेण्याची नव्हे. तिनं तांबड्या पेशी फुटतात. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं त्यांच्यात तर झपाट्यानं फुटतात, आणि ही कमतरता पारशी समाजात व आपल्याकडच्या काही आदिवासी समाजांत तुलनेनं अधिक आढळते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तरी आधी रक्त तपासल्याशिवाय तिला हात लावू नये.

डॅप्सोन जंतूला मारतं ते कसं, हे सांगायचं राहिलं, आणि तिथूनच गोष्ट वळण घेते. जंतू आपलं फोलेट स्वतः बनवतात. डॅप्सोन ते बनवूच देत नाही. माणसाला फोलेट बनवता येत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं, म्हणून औषधाचा हा घाव आपल्याला लागत नाही. पण अन्नात फोलेट नसेल तर? भराभर नव्या पेशी लागणाऱ्या जागा आधी उघड्या पडतात. एक रक्त, दुसरी तोंडाचं अस्तर.

आणि फोलेटचा शोध तर मुंबईतला आहे. ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८मध्ये मुंबईला आली. गिरणी कामगार स्त्रिया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून मरत होत्या. त्याचं कारण शोधणं हे तिचं काम. परळच्या हाफकिन संस्थेत बसून तिनं आधी जंतूंचाच संशय तपासला, जसं त्या काळी कुणीही केलं असतं. तिथे काही सापडलं नाही. मग ती या बायका काय जेवतात ते पाहू लागली. गरिबीचं जेवण, भाजी-फळं नावालाच. अखेर मार्माइट नावाच्या, ब्रेडला लावून खायच्या यीस्टच्या अर्कानं त्या बायकांचं रक्त भरून आलं. १९३१मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं. यीस्टमधला तो घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फोलिक अॅसिड. जंतू शोधायला निघून ताटापर्यंत पोहोचलेली ही बाई. तोंडाच्या व्रणांचं संशोधन ज्या वाटेनं पन्नास वर्षांत गेलं, ती वाट तिनं तीन वर्षांत कापली होती.

चाळीसच्या दशकात फोलिक अॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आणि त्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच देखरेखीखाली, बेंजामिन डग्गर यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून ऑरिओमायसिन काढलं. ऑरिओमायसिन म्हणजे टेट्रासायक्लिन कुळातलं पहिलं औषध. माझ्या दातांवरच्या पट्ट्यांचा पूर्वज आणि माझ्या तोंडाला कदाचित खरा उपयोगी पडला असता तो घटक, दोन्ही एकाच छपराखालून निघाले. हे मला निवृत्त होण्याच्या वर्षी, सुब्बारावांवर व्याख्यान द्यायचं म्हणून वाचत असताना कळलं, आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ ओसरीवर बसले.

'कदाचित' हा शब्द मी जाणून वापरला. मला तेव्हा लोहाची, फोलेटची की बी-१२ची कमतरता होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण वारंवार तोंड येणाऱ्या लोकांत या तिन्हींची कमतरता पुन्हा पुन्हा सापडते, हे अनेक देशांत नोंदलं गेलं आहे. आपल्यासाठी त्यातलं बी-१२ महत्त्वाचं. ते भाजीपाल्यात नसतं. दूध, अंडी, मासे, मांस यांत असतं. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी निघालं. शाकाहारी घर, दूध पुरुषांना आणि मुलांना, उरलंच तर चहापुरतं बायकांना. हे चित्र धरणगावात वेगळं नव्हतं.

इस्रायलमध्ये व्होल्कोव आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये ५८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना सहा महिने रोज जिभेखाली १००० मायक्रोग्रॅम बी-१२, निम्म्यांना खोटी गोळी. शेवटच्या महिन्यात बी-१२ घेणाऱ्यांपैकी ७४ टक्के पूर्ण व्रणमुक्त होते. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के. हा दुसरा आकडाही नीट पाहा. काहीही न घेता तीनातला एक जण बरा! हाच तो आपला आठवा दिवस, सहा महिन्यांच्या मापात. आणि या चाचणीत रक्तातलं बी-१२ आधी कमी होतं की नव्हतं, यानं फरक पडला नाही. का, ते अजून उलगडलेलं नाही. चाचणी लहानच आहे. पण औषध स्वस्त, निरुपद्रवी, आणि दात रंगवणारं तर नक्कीच नाही. गंमत अशी की बी-१२ बनवणं झाडाला जमत नाही, प्राण्याला जमत नाही. ते फक्त सूक्ष्मजीवांनाच जमतं. ज्यांना आपण तोंडातले गुन्हेगार म्हणून शोधत होतो त्यांच्याच भाईबंदांकडून हे जीवनसत्त्व येतं.

२०१२मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी पोटात घ्यायच्या सगळ्या औषधांच्या २५ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष कोरडा होता : एकही उपाय असा नाही की जो सिद्ध झाला असं म्हणावं. चाचण्या लहान, मोजमापं वेगवेगळी. चाळीस-पन्नास वर्षांच्या कामानंतर हे वाचायला बरं वाटत नाही, पण मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो.

आमच्या भागात मात्र कॅप्सूल अजून चालू आहे, नाव बदलून. औषधाच्या दुकानात 'तोंड आलंय' म्हटलं की बी-कॉम्प्लेक्सच्या जोडीला एखादं अँटिबायोटिक पुडक्यात पडतं. त्यानं तोंडातले निरुपद्रवी जंतू मरतात आणि मोकळ्या जागेत बुरशी फोफावते. मग खरोखरच दह्यासारखे पांढरे थर येतात. त्या बुरशीवर आपल्याकडचंच औषध होतं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या गटानं मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून, ज्याच्या नावातच पिंपरी आहे, हॅमायसिन काढलं. तिथे शत्रू खरा होता, म्हणून औषधही खरं ठरलं.

आणखी एक गोष्ट, जी मी गावातल्या बायकांना नेहमी सांगते. मिश्री किंवा तंबाखू सोडली की पहिल्या काही आठवड्यांत अनेकांचं तोंड येतं. मग शेजारीण म्हणते, 'बघ, सोडलीस म्हणून झालं,' आणि डबी पुन्हा बाहेर येते. हे व्रण तात्पुरते असतात. उलट जो व्रण दुखत नाही, एकाच जागी आहे, कडा टणक आहेत आणि तीन आठवडे झाले तरी भरलेला नाही, तो आपल्या विषयातला नव्हेच. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तोंड दोन बोटांपुरतंही उघडत नाही अशी पंचविशीतली पोरं मला आजही एस. टी. स्टँडवर भेटतात. अशा तोंडातल्या न भरणाऱ्या व्रणावर जाईचा पाला, कॅप्सूल किंवा बी-१२ लावत आठवा दिवस, अठरावा दिवस, अठ्ठाविसावा दिवस मोजत बसणं म्हणजे कर्करोगाला मुदत देणं. त्याचा तुकडा काढून तपासावाच लागतो.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याची बायको माहेराहून परतली ती गाल धरूनच. महिन्यातून दोनदा तोंड येतं, तिखटाचं बोट लावता येत नाही. दुकानातून आणलेली पाकिटं तिनं माझ्यासमोर ठेवली. त्यात डॉक्सिसायक्लिन होतं, आणि ती अंगावर पाजत होती. मी ते पाकीट बाजूला काढलं आणि तिला जळगावला रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन कमी, लोह कमी, बी-१२ अगदी तळाला. डॉक्टरांनी लोह आणि बी-१२ सुरू केलं. आषाढापासून आजवर तिचं तोंड एकदाच आलं आहे. एका माणसाच्या अनुभवाला पुरावा म्हणायचं नसतं, हे मीच वर लिहिलं आहे. तिच्या बाबतीत कदाचित ते आपलं आपणच थांबलं असेल. सासूबाईंचं म्हणणं आहे की त्यांनी परसात पुन्हा लावलेल्या जाईचा गुण आला. वेल छान वाढला आहे खरा. कालच त्याला मांडव घातला, आणि आत स्वयंपाकघरात ती चकलीच्या भाजणीत तिखट किती घालायचं ते चाखून ठरवत होती.